चुन्याची निवळी

“हे गेले रे बाळू,” अक्का फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, “कुठं गेले?”

त्याला आता दीड महिना होऊन गेला, तरी तो प्रश्न डोक्यातून जात नाही. बहीण नवरा गेल्याचं सांगते आणि भाऊ विचारतो, कुठं गेले. पण मला खरंच तसं वाटलं होतं. चाकणच्या कंपनीत सकाळची शिफ्ट चालू होती, हातात मापं घ्यायचा व्हर्नियर होता, आणि माझ्या मनात आलं, झालं, शेवटी दाजी मेक्सिकोला निघून गेले. ही बातमी कधीतरी येणार म्हणून मी कितीतरी वर्षं तयारीत होतो. अक्काची समजूत कशी घालायची, थेरगावच्या माझ्या घरात तिला कुठली खोली द्यायची, वकील कोणता गाठायचा... सगळं ठरलेलं होतं. मग अक्काच्या हातून फोन घेऊन शेजारच्या गॅरेजवाले रफिकभाई बोलले, “भाऊ, कुठं नाही गेले हो... संपले. तुम्ही या लवकर.” मी व्हर्नियर खाली ठेवला आणि कुणाला न सांगता गेटबाहेर आलो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नामदेव. रहाटणीत ‘कणीस’ नावाचं छोटं हॉटेल चालवायचे. तिथं मेक्सिकोतलं, त्यातही प्वेब्ला नावाच्या भागातलं जेवण मिळतं. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधून लोक मोठ्या हौसेनं यायचे आणि बसल्या बसल्या नाचोज मागायचे. दाजी सांगायचे, नाचोज नाहीत. मग चीज घातलेलं काहीतरी? तेही नाही. काहीजण उठून जायचे आणि घरी जाऊन फोनवरून हॉटेलला पाचातला एकच तारा द्यायचे. जे बसायचे ते मात्र पुढच्या रविवारी आईवडिलांना घेऊन यायचे. आणि मी कोण, तर इनकमिंग इन्स्पेक्शनचा माणूस. बाहेरून जो माल कंपनीत येतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, यासाठीच मला पगार मिळतो. ही सवय गेटपाशी काढून ठेवता येत नाही. दूध, गॅसचं सिलिंडर, मुलीसाठी आलेलं स्थळ, सगळं मी उलटंसुलटं करून बघतो. अक्का म्हणते, बाळू पाळण्यात होता तेव्हा आईकडेसुद्धा संशयानंच बघायचा.

आम्ही मूळचे लातूरकडचे. दाजी आधी भोसरीला फिटर म्हणून आले, मग एका गाड्यांच्या कंपनीत मेंटेनन्सला पर्मनंट झाले. पर्मनंट या शब्दाची आमच्या पट्ट्यात काय किंमत आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. तिथून कंपनीनं त्यांना प्वेब्लाला पाठवलं, नवीन लाइन उभी करायला. सहा महिन्यांचं काम म्हणून गेले आणि दोन वर्षांनी परत आले. जाताना ज्वारीची भाकरी आणि ठेचा यापलीकडे जगात काही खायचं असतं हे न मानणारा माणूस. येताना बॅगेत मातीचा एक भलामोठा तवा आणि तऱ्हेतऱ्हेच्या वाळक्या मिरच्या. आल्या आल्या त्यांनी घरी मोले केला. मोले म्हणजे मिरच्या, तीळ, शेंगदाणे, मनुका, दालचिनी हे सगळं भाजून, वाटून, त्यात शेवटी कडू चॉकलेट घालून केलेला काळाकुट्ट रस्सा. अक्कानं बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, “ही तर आपली येसर आमटी की ओ, कुणीतरी खाऊ टाकलेली.” दाजी इतके खूश झाले की त्यांनी लगेच परत वाढलं. मला प्रश्न पडला, येसर आमटीसाठी माणूस दोन वर्षं परदेशात राहतो होय? आणि वर्षभरात जेव्हा त्यांनी पर्मनंट नोकरीचा राजीनामा देऊन रहाटणीत गाळा भाड्यानं घेतला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की यात काहीतरी काळंबेरं आहे.

पहिला धागा मला रफिकभाईंनी दिला. एकदा मी गाडीचं ऑइल बदलायला गेलो होतो, तर इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, “भाऊ, राग मानू नका. तुमचे दाजी मक्यात चुना टाकतात. अपनी आँखोंसे देखा. पोतंच आहे आत.” मी तसाच मागच्या दारानं हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरलो. खरंच पोतं होतं. शेजारी एका स्टीलच्या उभ्या भांड्यात चुना कालवून ठेवलेला, तो खाली बसलेला आणि वर स्वच्छ पाणी. आपल्याकडं त्याला निवळी म्हणतात. भांड्याच्या बाजूला खिळ्याला एक लांब दांड्याचा चमचा टांगला होता.

“दाजी, गिऱ्हाइकाला चुना लावता?” मी विचारलं.

“लावतो की,” दाजी म्हणाले. “उघड लावतो. बसा मेव्हणे.”

त्यांनी मला दोन गोळे दिले. एक नुसत्या मक्याच्या पिठाचा आणि दुसरा चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, साल काढून वाटलेल्या मक्याचा. म्हणाले, थापा. पहिला कडेनं फुटत गेला, मक्याची भाकरी कशी फुटते हे आमच्या आईला विचारा. दुसरा मात्र माझ्यासारख्या माणसाच्या हाताखालीही गोल पसरला. तव्यावर टाकला तर फुगला. वास असा आला की मी काही वेळ विसरलोच, कशासाठी आलो होतो ते. “तिकडं हजारो वर्षं असंच करतात,” दाजी म्हणाले. “चुना लागल्याशिवाय मका धरत नाही. आता सांगा, पास का रिजेक्ट?” मी तोंडातला घास गिळून म्हणालो, चुना खायचा आहे का रंगाचा, ते आधी बघावं लागेल. त्यांनी पोत्यावरचं लेबल दाखवलं. मी वाचलं, दोनदा वाचलं. तेव्हापासून ‘पास का रिजेक्ट’ हा आमच्यातला रामराम होऊन बसला, आणि हॉटेलात नवीन काही केलं की पहिली ताटली माझ्यापुढं यायची.

खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळा रिजेक्टच करायचो. मिरचीत कस नाही, मीठ मागं राहिलं, तीळ जास्त भाजलेत. तिकडच्या मिरच्या संपल्यावर त्यांनी ब्याडगी आणि लवंगी मिसळून बघितली, ती मी चार वेळा परत पाठवली. ते कधी रागावले नाहीत. एकदा पावसाळ्यात मला गाडीवर बसवून चाकणच्या पुढं एका शेतकऱ्याकडं घेऊन गेले. म्हणाले, माल बघायला चला. त्या माणसानं बांधावर कणसांचा एक ढीग करून ठेवला होता, आणि प्रत्येक कणसावर काणी पडलेली. काणी म्हणजे मक्याचा रोग, दाण्यांच्या जागी राखाडी फुगीर गाठी येतात आणि आत काळी भुकटी. शेतकरी बिचारा हात जोडून म्हणत होता, “आवो पावनं, ह्यो रोग हाय. जनावरं बी तोंड लावत न्हाईत. तुमी इकत घेताय व्हय?” दाजी एकेक कणीस उचलून, गाठ दाबून, कोवळी तेवढी पिशवीत टाकत होते. तिकडं ही काणी मोठ्या आवडीनं खातात म्हणे. माझा जीव अर्धा झाला. दिवसभर कंपनीत मी असलाच माल लाल टॅग लावून बाजूला काढतो आणि हा माणूस निवडून निवडून तोच पिशवीत भरतोय! संध्याकाळी कांदा-लसणावर परतून समोर ठेवली. मी डोळे मिटून खाल्ली. मातीचा, अळिंबीचा असा काहीतरी वास... पास म्हणायला मला फार जड गेलं.

पण हे सगळं खाण्यापुरतं होतं. माझा खरा संशय वेगळा होता आणि तो मी अक्कापाशीसुद्धा कधी उघड बोललो नव्हतो. संध्याकाळी गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आधी दाजी मागच्या पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून फोनवर बोलायचे. त्या भाषेत. आणि हसायचे. मराठीत मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पलीकडं बाईचा आवाज असायचा आणि दाजी तिला हाक मारायचे, ‘कोमाद्रे’. मी फोनमध्ये शोधलं, माद्रे म्हणजे आई. आणि को-ऑपरेटिव्ह सोसायटीतला ‘को’ मला माहीत होता. म्हणजे सह-आई? कुणाची आई, आणि सह कुणाबरोबर? मग आणखी एक शब्द सारखा कानावर यायला लागला, ‘आइहादो’. तो ऐकून ऐकून टाइप केला तर फोननं मला ‘इहो’च्या शेजारी नेऊन सोडलं. आणि इहो म्हणजे मुलगा. दोन वर्षांची ड्यूटी, पर्मनंटचा राजीनामा, हे हॉटेल... सगळं एका रेषेत बसलं. अक्काला मूलबाळ नाही, हेही इथं सांगायला हवं. तिनं हॉटेलात स्वतःचं सोनं घातलं होतं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मका धुवायला लागत होती. तिची फसवणूक होत असेल तर ती मी सोडून दुसरं कोण पकडणार होतं?

तरी अक्काला सांगण्याआधी माल स्वतः हातात घेऊन बघावा, म्हणून एका दुपारी दाजी मिरच्यांची देठं काढत बसले होते तेव्हा मी समोर जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, “दाजी, इहो म्हणजे मुलगा ना?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मिरच्यांकडं, आणि असे हसत सुटले की मिरचीचा ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “किती दिवस झालं हे पोटात घेऊन फिरलात?” मग त्यांनी सांगितलं. कंपनीच्या गेटसमोर ल्युपे नावाच्या बाईची खानावळ होती. दाजी तिथं जेवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी करमत नाही म्हणून तिचा मका धुवायला जायचे. तिचा नवरा कामासाठी सरहद्द ओलांडून अमेरिकेला गेला तो परत आलाच नाही. तिकडं पोरगं शाळेतून बाहेर पडलं की समारंभ असतो आणि त्याच्याबरोबर उभं राहायला एक मानलेला बाप लागतो. “म्हणाली, तू उभा राहा. राहिलो. पोराला बूट घेऊन दिले. तेव्हापासून पोरगं माझं आइहादो, आणि त्याची आई माझी कोमाद्रे. आपल्यात विहीण असते ना, तसं समजा. लग्नाशिवाय झालेली विहीण. तुमच्या अक्काला सगळं ठाऊक आहे, तीपण बोलती तिच्याशी, हातवारे करून.”

“याला पुरावा काय?” मी म्हणालो. दुसरा कुणी असता तर त्यानं मला उठवून बाहेर काढलं असतं. दाजींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “मेव्हणे, तुम्ही असेच राहा. सगळं जग आपलं छान छान म्हणतं. एकानं तरी बोट घालून बघायला पाहिजे.” मी तसाच अक्काच्या घरी गेलो, तिला विचारलं, ती म्हणाली, होय, मला माहीत आहे. तुला का नाही सांगितलं? तर म्हणे, तू जन्मदाखला मागितला असतास. तरीही माझं पूर्ण समाधान झालं होतं असं मी म्हणणार नाही.

आणि या सगळ्या काळात दाजी माझ्यासमोर निवळी पीत होते. गेल्या वर्षभरात तर सारखंच. काम करता करता थांबायचे, छातीच्या खाली हात दाबायचे, खिळ्यावरचा चमचा काढायचे आणि भांड्यातली वरची निवळ एक चमचा घ्यायचे. “पित्त,” म्हणायचे. “मिरच्या भाजून भाजून पित्त व्हायलंय.” आमच्या घरात लहानपणी पोट बिघडलं की आई निवळीच द्यायची. त्यामुळं त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. अक्कालाही नाही. ज्या माणसाच्या मक्यावर, मिरचीवर, फोनवर माझी नजर होती, त्यानं चमचा माझ्या नाकासमोर धरला आणि तो तपासणीशिवाय सरळ आत गेला.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हे मागं एकदा दाखवून गेले होते. एकटेच आले होते. हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडल्यात, उशीर करू नका, असं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. बघतो म्हणाले आणि आलेच नाहीत... अक्का ऐकत उभी होती. घरी आल्यावर, सगळी माणसं पांगल्यावर, मला म्हणाली, “कणसावर संशय घेतलास. त्या बाईवर घेतलास. चुन्यावर घेतलास. एवढा एक चमचा कसा सोडलास रे?” पण तेव्हाही आणि आजही मला पहिल्यांदा येतो तो दाजींचा राग. बोट घालून बघा म्हणणारा माणूस, आणि जिथं बघायला हवं होतं नेमकं तिथंच त्यानं झाकण ठेवलं. बाकीच्यांना त्यांनी मक्यातून चुना लावला तो पोत्याचं लेबल दाखवून. आम्हाला दोघांना लावला तो न सांगता. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय. अजून गेलेला नाही राग.

तेराव्याच्या आधी एका संध्याकाळी दाजींचा फोन वाजला. ल्युपेचा व्हिडिओ कॉल होता. तिला काही कळलेलं नव्हतं. अक्कानं फोन उचलला. तिला त्या भाषेतले चारदोन शब्द येतात, तेही मक्याचे आणि मिठाचे. ती नुसतं म्हणाली, “नामदेव... नो. नामदेव नो.” पलीकडं ती जाडजूड, पांढऱ्या वेणीची बाई आधी हसतच होती, मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिनं पदरासारखं काहीतरी तोंडाला लावलं आणि रडत रडत अक्काला हाका मारायला लागली, “कोमाद्रे... कोमाद्रे...” माझ्या बहिणीला! अक्का मान हलवत होती आणि मराठीत उत्तर देत होती, होय गं, होय गं बाई. मागं एक उंच तरुण येऊन उभा राहिला. तोच तो आइहादो. मी अक्काच्या खांद्यावरून वाकून नीट बघितलं. नाक बघितलं, कान बघितले. दाजींचे कान मोठे, पाळी सुटलेली. त्याचे नव्हते. मग मी भिंतीकडं तोंड करून रडलो.

हॉटेल आता अक्का चालवते. मिरच्यांचं प्रमाण तिला तोंडपाठ आहे, तवाही तीच सांभाळायची. मी शिफ्ट सुटली की जातो. ती ताटली पुढं करते आणि दाजींचं वाक्य तेवढं म्हणत नाही, नुसतीच बघत उभी राहते. गेल्या आठवड्यात असाच बसलो होतो. गिऱ्हाईक यायला अजून वेळ होता. अक्का मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या भाकऱ्या, थापता थापता थांबली. डावा हात छातीच्या खाली गेला, उजव्या हातानं तिनं खिळ्यावरचा चमचा काढला आणि निवळीच्या भांड्यात घातला.

“काय होतंय?” मी उठलो.

“काही नाही रे. पित्त झालंय. सकाळपासनं पोटात काही नाही.”

“गॅस बंद कर.”

“आरं, मका शिजायचा हाय अजून...”

“अक्का, चप्पल घाल.”

डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागद काढला, बघितला आणि म्हणाले, सगळं ठीक आहे, पित्त आहे. मी म्हणालो, परत एकदा काढा. त्यांनी काढला, तसाच निघाला. मी तिला तिथून डांगे चौकात दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं. तेही म्हणाले, पित्त आहे, वेळेवर जेवत जा. येताना गाडीवर मागून अक्का म्हणाली, “आता तरी पास का?” तिच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हणालो, “होल्डवर ठेवलंय.” कंपनीत एखादा माल पासही करवत नाही आणि रिजेक्टही करवत नाही तेव्हा त्याला होल्डचा टॅग लावून नजरेसमोर ठेवतात. पाठीमागं ती हसल्याचं मला कळलं, आणि मग बराच वेळ माझ्या पाठीला कपाळ टेकून बसली.

निवळीचं भांडं तिथंच आहे. ते हलवता येत नाही, मक्याला लागतं. चमचा मात्र त्या संध्याकाळी मी खिशात टाकून आणला. आता तो कंपनीत माझ्या ड्रॉवरमध्ये असतो, गेज आणि मायक्रोमीटरच्या शेजारी, आणि दिवसातून एकदा तरी माझा हात त्याच्याकडं जातो. अक्का रोज विचारते, बाळू, इथला चमचा बघितलास का. मी म्हणतो, मला काय माहीत. ती माझ्याकडं संशयानं बघते. बघू दे.